मध्यंतरात उठलेली पाहुणी

वऱ्हाडातून परत येऊन मला तीन आठवडे झाले. एरवी कुठूनही आले की दुसऱ्याच दिवशी मी लिहायला बसते. बॅगेतले कपडे धुवायचे राहिले तरी चालतात. या वेळी मात्र हात उचलत नव्हता. आमच्या नाटकवेड्या मंडळींनी विचारून विचारून नाद सोडला. कारण जे लिहायचं त्यात मला तोंड लपवावंसं वाटेल असं बरंच आहे. पण न लिहिता गप्प बसले तर ती आणखी एक लबाडी होईल, आणि एका प्रवासात केली तेवढी लबाडी पुरे झाली.

आधी माझ्याविषयी. मी चिंचवडची. विम्याच्या कचेरीत जन्म गेला, पण जीव नाटकात. आठवड्याला दोन तरी प्रयोग, मिळाली तर एखादी गाण्याची मैफल. मतं माझ्याकडे पोत्यानं आहेत आणि मी ती कोणी विचारायची वाट बघत नाही. नाट्यगृहात कसं वागावं याचेही माझे नियम ठरलेले. तिसरी घंटा झाली की जागेवर असावं. प्रयोग चालू असताना ना मोबाइल काढावा, ना तोंड चालवावं. आणि नाटक फसलेलं असेल तर मध्यंतरात सरळ उठून घरी जावं. कोणी विचारलंच तर "डोकं दुखतंय" म्हणावं, म्हणजे कोणाचं मन मोडत नाही. या शेवटच्या नियमाचा मला फार अभिमान होता. वाईट दुसऱ्या अंकांतून वाचवलेल्या वेळात माझी निम्मी पुस्तकं वाचून झाली, असं मी चारचौघांत सांगत असे.

अमरावती, शुक्रवार

शोभा आणि मी पुण्याच्या कचेरीत सहा वर्षं शेजारी बसलो. मग ती बदली घेऊन आपल्या अमरावतीला गेली ती गेलीच. "एकदा तरी ये नं वं, आमच्याकडेबी नाटकं होतात," असं ती दर दिवाळीला म्हणायची. यंदा माघात गेले.

पहिल्याच संध्याकाळी तिनं मुंबईहून दौऱ्यावर आलेल्या एका संगीत नाटकाला नेलं. नेपथ्य झकास, कपडे झगमगीत, आणि गाणी? गाणी पेनड्राइव्हमधून! नट नुसते ओठ हलवत होते. नाटकाला संगीत म्हणायचं आणि वाजवणारा एकही माणूस समोर बसवायचा नाही, म्हणजे बोहल्यावर नवरदेवाचा फोटो ठेवून लग्न लावण्यासारखं आहे. हे मत मी शोभाच्या कानात तिथेच सांगितलं. बोलू नये हा नियम मतांना लागू नसतो, असं मी धरून चालत असे.

पण मला खरा वैताग आणला तो प्रेक्षकांनी. रंगमंचावर खलनायक साळसूदपणे शपथा घेत होता. माझ्या मागचा पांढऱ्या टोपीतला माणूस एकदम मोठ्यांदा म्हणाला, "खोटं बोलून राहिला रे तो!" सगळं सभागृह हसलं. खलनायकही हसू दाबत त्याच्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही तरी गप्प बसा." मग तर टाळ्याच. मी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. काकांना खरोखर नवल वाटलं.

"काहून बाई? तो आमालेच सांगून राहिला ना? मंग उत्तर नाई द्या लागत?"

मी मान पुढे वळवली. समोर बसलेली एक मुलगी मोबाइलवर गाणं टिपत होती, तिच्या खांद्यावर टकटक करून तो खाली ठेवायला लावला. तिनं ठेवला. मला आपण काही तरी संस्कृतीचं काम केल्यासारखं वाटलं.

नाटक सुटल्यावर आम्ही गिला वडा खायला गेलो. दह्यात बुडवलेला हा वडा अमरावतीकरांचा जीव की प्राण. त्यावर तिखट भुरभुरलेलं होतं आणि बाजूला एक तळलेली मिरची. आमच्याकडे अशी मिरची शोभेची असते, म्हणून मी ती अख्खी चावली. डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून धारा लागल्या. गाडीवाल्यानं न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. "पुण्यावून आल्या काय?" त्यानं एवढंच म्हटलं.

घरी जाताना मी शोभाला माझे नियम पुन्हा ऐकवले. "तुझे नियम लय आहेत वं," ती म्हणाली, "पण बरं झालं सांगितलेस. वामनले कळवून ठेवते." वामन म्हणजे तिचा भाऊ. तो माहेरच्या गावी सिमेंटचं दुकान चालवतो आणि दर वर्षी गावकऱ्यांना घेऊन नाटक बसवतो. रविवारच्या प्रयोगाला शोभानं मला 'पुण्याची नाटकातली जाणती पाहुणी' म्हणून कबूल करून टाकलं होतं. मी वरवर कुरकुरले. आतून फुलले होते.

अकोला, शनिवार

अकोल्यात आम्ही एका वस्तीच्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम ऐकला. बाबासाहेबांची आणि बुद्धाची गाणी. गाणारी बाई चाळिशीची, कपाळ कोरं, पांढरी साडी. आवाज असा की मैदानाच्या टोकाला उभी असलेली पोरंसोरंही चूप झाली. ढोलक, बँजो, क्लॅरिनेट, सगळी माणसं समोर बसून वाजवत होती. कालच्या पेनड्राइव्हचा राग माझ्या मनातून गेला.

पण एका गाण्याला सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि गाऊ लागलं. बाईंनी माइक लोकांकडे केला आणि स्वतः गप्प राहिल्या. मी बसून होते. शोभाला म्हटलं, "हा आळशीपणा झाला. ऐकायला आलोय ते हिला, यांना नाही."

शोभा उभीच होती. "ते गाणं तिचं नाई वं," ती म्हणाली. "ह्यांचंच आहे. ती नुसती सुरुवात करून देते."

माझ्याकडे एक छोटी वही असते. तिच्यात मी हे वाक्य त्या वेळी 'गमती' या सदराखाली लिहून घेतलं. पान अजून तसंच आहे. खोडलं नाही, मुद्दाम.

हिवरखेडच्या पुढे, रविवार

गावाचं नाव लिहीत नाही. का, ते कळेलच.

अकोल्याहून अकोटमार्गे हिवरखेडपर्यंत एसटीनं गेलो. तिथून वामनभाऊंनी आपल्या सिमेंट वाहायच्या गाडीत पुढे बसवून नेलं. उत्तरेला सातपुडा निळसर दिसत होता, दोन्ही बाजूंना काळी रानं, कुठे हरभरा, कुठे उभ्या पऱ्हाटीवर राहिलेला चुकार कापूस. वामनभाऊ वाटेत सांगत होते की प्रयोग दुपारी ठेवतात, कारण बाजूच्या गावांतून येणाऱ्या बायांना साडेचारची शेवटची एसटी धरावी लागते. एक वाजता नारळ, चारला नाटक खलास.

"अन् ताई, नारळ तुमच्या हातानं," ते म्हणाले. "आमच्यात रीत आहे. ज्याच्या हातचा नारळ, त्याच्यापुढेच नाटक. आता नाटक तुमच्या हाती."

असं भाषणात बोलतातच, म्हणून मी मान डोलावली.

जेवण वामनभाऊंच्या अंगणात होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि घट्ट वरण. रोडगा हातानं फोडायचा, चुरायचा आणि त्यावर तूप घ्यायचं. तूप वाढायला सुनंदा होती. गावातल्या अंगणवाडीत शिकवते, चाळिशीला आलेली, सडसडीत. दुपारी नाटकात काम करायचं म्हणून तिनं केस आधीच बांधून ठेवले होते.

"ताई, आज माही माय आली आहे पलीकडच्या गावावून," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. लहानपणी मले गाण्याचं लय वेड होतं, पन तिनं स्टेजवर जाऊ नाई देलं. आता सोताहून म्हणे, येतो ऐकाले. माहं गाणं दुसऱ्या अंकात आहे."

"वा, वा," मी म्हटलं आणि वाटी पुढे केली, "अजून थोडं तूप."

तिनं दुसऱ्या अंकाचं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

नाटक गावाच्या मंगल कार्यालयात होतं, पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या, पुढे खुर्च्यांची एक रांग. मी नारळ फोडला. खांद्यावर शाल आली. मग वामनभाऊंनी माइक हातात घेतला आणि जमलेल्यांना सांगितलं, "आज पाहुण्या जाणत्या आहेत. त्यायचे नियम आपल्याले पाळा लागतीन. मोबाइल खिशात. शेंगदाने, बोरं, काहीच खायाचं नाई. मधात बोलाचं नाई." आणि खरंच, एवढ्या माणसांनी मोबाइल खिशात टाकले. एका आजीनं पदरातली बोरं पिशवीत परत ओतली. मी जरा ओशाळले, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पडदा उघडला. पाणी शोधत रानोमाळ फिरणाऱ्या एका गावाची गोष्ट, लिहिणारे वामनभाऊच. माइक शिट्ट्या मारत होता. आतून वाक्यं सांगणाऱ्याचा आवाज नटांपेक्षा मोठा. पाटलाची मिशी निघाली, ती त्यानं शांतपणे खिशात ठेवली. पेटी एका सुरात, गाणारा दुसऱ्याच. सुनंदा दोनदा घागर घेऊन आली आणि न बोलता गेली. दीड तास हे चाललं. पोटात चार रोडगे, डोक्यावर तापलेला पत्रा. पुण्यात मी यापेक्षा पुष्कळ बऱ्या नाटकांतून उठून गेले आहे.

मध्यंतर झालं. मी कपाळाला हात लावून वामनभाऊंना म्हटलं, "डोकं फार दुखतंय हो. जरा घरी पडते."

शोभानं माझ्याकडे पाहिलं. तिला हे वाक्य पाठ होतं. पुण्यात तिच्याच शेजारून मी कितीदा असं उठले होते. वामनभाऊ मात्र घाबरले. "पाहुणीले एकटं नाई ठेवा लागत," म्हणून त्यांनी सुनंदाच्या आईलाच माझ्याबरोबर धाडलं. आई म्हणजे सुभद्राबाई. सत्तरीच्या, वाकलेल्या, नऊवारी नेसलेल्या. घरी नेऊन त्यांनी मला खाटेवर निजवलं, पायांवर चादर घातली, आणि स्वतः दाराशी सुपात तूर निवडत बसल्या.

"तुम्ही जा नाटकाला," मी म्हटलं.

"तुमी आल्याबिगर नाई होत ते सुरू," त्या म्हणाल्या. "निजा थोडं."

खेड्यातली माणसं असं गोड बोलतातच, हेही मी मनात म्हटलं. मग पडल्या पडल्या मोबाइल काढला आणि आमच्या पुण्याच्या गटाला बोलून निरोप धाडला. काय बोलले ते इथे लिहिते, शिक्षा म्हणून. "अगं, पहिला अंक म्हणजे छळ आहे नुसता. एकालाही गाता येत नाही. डोकेदुखीचं निमित्त करून पळाले बाई. दुसऱ्या अंकात कोणी अंगणवाडीवाली गाणार आहे म्हणे, त्यातून तरी सुटका." दाराशी सुपाचा आवाज चालू होता. म्हाताऱ्या बाईला त्यातलं काय कळणार, असं मी धरून चालले. असं मी बरंच काय काय धरून चालते. मग मला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. पावणेपाच. दाराशी सूप होतं, बाई नव्हत्या. कार्यालय चार घरं सोडून. नाटक चालू असतं तर आवाज आला असता. काहीच आवाज नव्हता. संपलं एकदाचं, असं वाटून मी तोंड धुतलं आणि निरोप घ्यायला तिकडे निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले.

सगळे बसलेले होते. पडदा बंद. मधल्या काही सतरंज्या रिकाम्या झाल्या होत्या, पण बाकीची माणसं जशीच्या तशी, मांड्या घालून, हात मांडीवर. कोणाच्या हातात मोबाइल नाही. कोणी काही खात नाही. बोलतही नव्हते, एक तान्हं रडत होतं तेवढंच. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर माझी शाल घडी करून ठेवली होती. पडद्याच्या कडेला उभ्या माणसाच्या हातात पितळी घंटा होती आणि तो दाराकडे बघत होता. मी दिसले तशी त्यानं घंटा वाजवली. तिसरी.

ते चाळीस पावलं चालणं मी जन्मात विसरणार नाही. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली आणि एकाही तोंडावर राग नव्हता. मघाच्या त्या बोरंवाल्या आजी म्हणाल्या, "बरं वाटते का बाई?" मी हो म्हटलं. वामनभाऊ खुर्चीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तीनदा मानूस धाडला. सुभद्रामावशी दारातूनच म्हणे, पाहुणीले ताप आहे, उठवू नोका. मंग थांबलो. साडेचारच्या गाडीवाल्या बाया गेल्या थोड्या. मावशीबी गेली. तिचा म्हातारा घरी अंथरुणावर आहे, त्याले उचलून बसवा लागते."

शेजारच्या खुर्चीत शोभा होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

म्हणजे जिला ऐकायला ती माय आली होती, तिचं गाणं न ऐकताच ती गेली. माझ्यामुळे. तापामुळे नाही, डोक्यामुळे नाही, माझ्या त्या लाडक्या नियमामुळे. या लोकांनी माझे सगळे नियम पाळले होते. त्यांचा एकच नियम मी पाळायचा होता, जागेवर बसायचा, आणि मी खोटं बोलून त्यातूनही पळाले.

दुसरा अंक सुरू झाला. सुनंदा कोरड्या विहिरीच्या काठावर बसली. परगावी निघालेल्या लेकीला थांब म्हणावं की जा म्हणावं हे न कळणाऱ्या आईचं ते गाणं होतं. ती आधी घाबरली, पहिली ओळ फार खाली लागली. मग तिनं मागच्या बाजूला, जिथे मघा तिची माय बसली होती त्या रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून उचललं. चांगलं होतं की वाईट? मला सांगता येत नाही. नाटकं पाहायला लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे मत नव्हतं. मी रडत होते एवढं खरं. ते गाणं कोणी टिपून घेतलं नाही. माझ्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाइल खिशात होते.

प्रयोग संपल्यावर सुनंदा तोंडावरचा रंग अर्धाच पुसून तशीच आली. नाराज असेल म्हणून मी बोलायची जुळवाजुळव करत होते. तिच्या हातात मोबाइल होता.

"ताई, मायले फोन लावला आहे. ती पोचली. तुमाले नाटकातलं समजते. गाणं कसं झालं ते तुमीच सांगा तिले."

आणि फोन माझ्या हातात देऊन ती रंग पुसायला आत गेली. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले.

"बोला बाई," पलीकडून आवाज आला. "डोकं दुखाचं राह्यलं का?"

इतकी माणसं विचारून गेली, सगळ्यांना मी हो म्हटलं. हिला म्हणता आलं नाही. "मावशी," मी म्हटलं, "डोकं दुखतच नव्हतं. ताप पण नव्हता."

"मले माहीत आहे. हात लावून पाह्यला मी. तुमी फोनात बोलल्या तेबी ऐकलं सारं."

मागे खुर्च्या उचलल्याचा आवाज येत होता.

"मग मला उठवलं का नाही तुम्ही? लेकीचं गाणं ऐकायचं राहिलं तुमचं."

"उठवलं असतं तं तुमी तोंड पाडून येऊन बसल्या असत्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोरीले लगेच समजलं असतं. अन् नाई आल्या असत्या तं साऱ्या गावाले समजलं असतं, का पाहुणीले नाटक नाई आवडलं म्हून उठून गेली. मंग ती गायली असती का? एक खेप मीच थांबवलं तिले. आता तुमच्यापायी नोको थांबाले. म्हून सांगतलं, ताप आहे."

पलीकडे म्हातारा खोकला, त्यांनी त्याला "थांबा जरासं" म्हटलं, भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग त्या पुन्हा फोनवर आल्या.

"आता सांगा, कशी गायली? खरं सांगजा. फोनात सांगतलं ना, तसं सांगा."

मी डोळे पुसले. "आधी जरा घाबरली होती," मी म्हटलं. "पहिली ओळ फार खाली लागली."

"हाव," सुभद्राबाई म्हणाल्या, "ती घाबरतेच. मंग?"